विजयदुर्गाचे ओटे आणि आकाशाचा जमाखर्च

वाघोटन खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग उभा आहे आणि त्याच खाडीने आत गेले की खारेपाटण लागते. शिलाहारांच्या काळापासून खारेपाटण हे व्यापाराचे ठाणे. रट्टराजाचा शके ९३० चा ताम्रपट या गावाच्या नावानेच ओळखला जातो, आणि गावात जैन मंदिरही आहे. एकाच जलमार्गाच्या एका टोकाला पेठ आणि दुसऱ्या टोकाला दुर्ग, अशी ही रचना आहे. दुर्गातील काही ओट्यांना लोक ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. नॉर्मन लॉकयर या इंग्रज शास्त्रज्ञाने १८ ऑगस्ट १८६८ रोजी याच ओट्यांवरून खग्रास सूर्यग्रहण पाहिले आणि हेलियमचा शोध लावला, असे गड पाहायला येणाऱ्यांना सांगितले जाते. त्या तारखेला ‘जागतिक हेलियम दिन’ म्हणून येथे कार्यक्रमही झाले आहेत.

सिंधुदुर्गाला अभिमान वाटावा अशीच ही कथा आहे. परंतु व्यापाऱ्याच्या घरात एक नियम असतो. रक्कम आपल्या बाजूची असली तरी नोंद तपासल्याशिवाय ती वहीत चढवायची नाही. तो नियम येथे लावला तर काय दिसते?

१८६८ च्या ग्रहणाचा खग्रास पट्टा कोकण किनाऱ्यावरून जमखंडी-विजापूरकडे आणि पुढे गुंटूर-मछलीपट्टणकडे गेला होता, हे खरे. विजयदुर्ग त्या पट्ट्यात होता, हेही खरे. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन त्या दिवशी गुंटूरला होते. सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या प्रकाशात त्यांना तेजस्वी रेषा दिसल्या आणि दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्या रेषा पाहण्याची युक्ती त्यांना साधली. लॉकयर मात्र त्या वेळी इंग्लंडमध्येच होते. २० ऑक्टोबर १८६८ रोजी, कोणतेही ग्रहण नसताना, त्यांनी स्वतःच्या वर्णपटदर्शकातून त्याच ज्वाला पाहिल्या. त्यांत एक पिवळी रेषा होती. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर असतात. ही रेषा ५८७.६ च्या जवळ होती. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. एवढ्याशा फरकातून एका नव्या मूलद्रव्याची शंका निर्माण झाली. जान्सेन आणि लॉकयर या दोघांचीही पत्रे २६ ऑक्टोबरला एकाच दिवशी पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे आली. पृथ्वीवर हेलियम सापडायला १८९५ साल उजाडले. विल्यम रॅमसे यांनी तो एका खनिजातून वेगळा केला.

मग साहेबाचे ओटे ही केवळ दंतकथा आहे काय? तसे मुळीच नाही. २२ जानेवारी १८९८ रोजी पुन्हा एक खग्रास ग्रहण झाले. त्यासाठी सर नॉर्मन लॉकयर खरोखरच विजयदुर्गाला आले होते. ‘मेलपोमेनी’ या युद्धनौकेवरील खलाशी त्यांचे मदतनीस होते. भिंग आणि प्रिझम बसवलेल्या कॅमेऱ्यांनी ग्रहणाचे वर्णपट काचेच्या तबकड्यांवर घेण्यात आले. त्याच दिवशी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राध्यापक कावसजी नायगामवाला आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल यांनी आपापली यंत्रे उभारली होती. ओट्यांशी साहेबाचे नाव जोडायचे, तर ते या मोहिमेशी जोडावे लागेल. तीस वर्षांच्या अंतराने, दोन्ही वेळा खग्रास पट्ट्यात आलेल्या एकाच गडावरच्या दोन घटना लोकस्मृतीने एकत्र बांधल्या, एवढेच. दुरुस्त केलेल्या नोंदीत गडाचा मान उणावत नाही, उलट तो पक्क्या पायावर उभा राहतो.

ही नोंद कोणाची, कोठली, कोणत्या दिवसाची, कोणत्या साधनाने घेतलेली आणि तिच्यात किती चूक संभवते, हे पाच प्रश्न म्हणजे आज एका संपूर्ण पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा गाभा आहे. त्या अभ्यासाचे नाव ‘खगोलभौतिकीसाठी वैज्ञानिक संगणन आणि विदा-विश्लेषण’. विदा म्हणजे ज्याला व्यवहारात सर्वजण डेटा म्हणतात तो. भौतिकशास्त्र किंवा गणित घेऊन पदवीधर झालेली मुलगी जेव्हा घरी सांगते की तिला हे शिकायचे आहे, तेव्हा दुकानाच्या गादीवरून पहिला प्रश्न येतो : “ताऱ्यांचा अभ्यास करून पुढे काय?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तरही रोखठोक दिले पाहिजे. त्यासाठी आधी हा अभ्यास आहे तरी काय, ते समजून घ्यावे लागेल.

दोन मिनिटांपासून अखंड प्रवाहापर्यंत

१८९८ मध्ये विजयदुर्गावर खग्रास अवस्था सुमारे दोन मिनिटेच टिकली. महिनोन्‌महिन्यांची तयारी, समुद्रप्रवास आणि यंत्रांची मांडणी या साऱ्यांचे फळ म्हणजे मोजक्या तबकड्या. एकेक तबकडी माणसाने डोळ्यांनी पाहावी, रेषा मोजाव्यात, वहीत लिहाव्यात, एवढे ते काम होते.

आज परिस्थिती नेमकी उलट आहे. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या तेथे सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. प्रत्येक तबकडीचा संदेश दुसऱ्या प्रत्येक तबकडीच्या संदेशाशी ताडून पाहावा लागतो. ३० तबकड्यांच्या अशा ४३५ जोड्या होतात आणि त्या सर्वांची बेरीज-वजाबाकी अखंड चालू असते. चिली देशातील रुबिन वेधशाळेचा कॅमेरा ३,२०० मेगापिक्सेलचा आहे. त्यातून एका रात्रीत सुमारे २० टेराबाइट माहिती मिळते. गाया या युरोपीय उपग्रहाच्या २०२२ मधील सूचीत सुमारे १८० कोटी ताऱ्यांच्या नोंदी आहेत. इतका माल गोदामात येऊन पडला की तो डोळ्यांनी तपासणे कोणत्याही माणसाला शक्य नाही. म्हणूनच आजचा खगोलशास्त्रज्ञ दुर्बिणीजवळ थोडा वेळ आणि संगणकाजवळ बराच वेळ असतो.

अर्धच्छेदाची युक्ती

माहिती वाढली म्हणून केवळ मोठा संगणक आणून भागत नाही. एक उदाहरण पाहता येईल. १० लाख ताऱ्यांचा एक गुच्छ आहे आणि प्रत्येक तारा दुसऱ्या प्रत्येक ताऱ्याला ओढतो. या गुच्छाची हालचाल संगणकावर उभी करायची, तर एका पावलासाठी जवळजवळ ५० हजार कोटी जोड्यांचे आकर्षण काढावे लागेल. अशी पावले लाखो घ्यावी लागतात. अशा वेळी दूरच्या ताऱ्यांचे गट करून, अवकाशाचे भाग पुन्हा पुन्हा पाडत गेले, तर काम २ कोटींच्या घरात येते. १९८६ मध्ये बार्न्स आणि हट यांनी ही पद्धत मांडली. तीत थोडी चूक स्वीकारावी लागते, पण ती किती हे आधी ठरवता येते. घाऊक व्यापारी प्रत्येक दाणा मोजत नाही, पोते मोजतो आणि तूट किती धरायची हे जाणतो. रीत तीच आहे.

१० लाखांवरून ५० हजार कोटी की २ कोटी, हा फरक एका छोट्या संख्येने घडवला आहे. १० लाख ही संख्या निम्मी निम्मी करत गेले तर सुमारे २० वेळा करता येते. हे २० म्हणजेच त्या संख्येचे ‘अर्धच्छेद’.

हा शब्द जैन वाचकाला परका वाटू नये. षट्खंडागमावरील धवला टीकेत आचार्य वीरसेनांनी अर्धच्छेदाचा उपयोग केला आहे. एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते, तेवढे तिचे अर्धच्छेद. तीनने भागत गेल्यास त्रिकच्छेद, चारने भागल्यास चतुर्थच्छेद. आधुनिक गणितात यालाच दोन, तीन किंवा चार या पायाचे लॉगरिदम म्हणतात. लोकाकाशाची प्रचंड परिमाणे आणि असंख्यात-अनंताचे प्रकार मांडताना मोठ्या संख्या आटोक्यात आणण्याची गरज आचार्यांना पडली, आणि त्यातून हे साधन घडले.

रेडिओ दुर्बिणीच्या संदेशातून वेगवेगळ्या कंपनसंख्या निवडून काढण्यासाठी ‘शीघ्र फूरिये रूपांतर’ वापरतात. १,०२४ नोंदींवर सरळ पद्धतीने काम केले तर साडेदहा लाखांच्या आसपास गुणाकार लागतात. नोंदींचे निम्मे निम्मे भाग पाडत गेले तर १,०२४ गुणिले १०, म्हणजे सुमारे १० हजारांत काम होते. १,०२४ चे अर्धच्छेद १० आहेत. ऑस्ट्रेलियात उभ्या राहत असलेल्या आणि भारताचा सहभाग असलेल्या ‘स्क्वेअर किलोमीटर अॅरे’ या प्रकल्पात कमी कंपनसंख्येच्या १,३१,०७२ अँटेना योजल्या आहेत. त्या संख्येचे अर्धच्छेद बरोबर १७ भरतात.

येथेही जमाखर्च चोख ठेवला पाहिजे. वीरसेनाचार्यांना संगणक ठाऊक होता किंवा शीघ्र रूपांतर धवलेत आहे, असे म्हणणे म्हणजे पुन्हा १८६८ आणि १८९८ यांची गल्लत करणे होय. त्यांनी जे केले ते मोठे आहेच. जे केले नाही ते त्यांच्या नावावर मांडल्याने त्यांचा गौरव वाढत नाही. नवव्या शतकात राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळी महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. त्यात व्याज, भागीदारी आणि सोन्याचा कस यांची गणिते आहेत. धर्म, व्यापार आणि गणित एका घरात नांदू शकतात, याचा तो पुरावा. समाजाने अभिमान धरायचा तर या खऱ्या नोंदींचा धरावा.

चूक सांगण्याचे शास्त्र

या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला काय शिकावे लागते? लिनक्स प्रणालीवर काम करणे, पायथन आणि सी या भाषांत कार्यक्रम लिहिणे, समीकरणे संख्यात्मक पद्धतीने सोडवणे, एकच काम शेकडो संगणकांत वाटून देणे, यंत्रशिक्षण आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे संख्याशास्त्र. शेवटी प्रत्यक्ष दुर्बिणीच्या नोंदींवर एक प्रकल्प करावा लागतो. परीक्षकाचा पहिला प्रश्न उत्तराबद्दल नसतो. “या उत्तरात चूक किती, आणि ती कशावरून ठरवली?” असा तो असतो.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगोच्या दोन वेधयंत्रांनी गुरुत्वीय लहर प्रथमच टिपली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती. तो संदेश सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढाच टिकला आणि यंत्राच्या नेहमीच्या खरखरीत मिसळलेला होता. तो ओळखण्यासाठी आधीच तयार ठेवलेल्या हजारो नमुन्यांशी नोंदी ताडून पाहतात. पावतीचा अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्याशी जुळवून पाहावा तसे. असे नमुने कसे निवडावेत याची पायाभूत मांडणी सत्यप्रकाश आणि संजीव धुरंधर यांनी १९९१ मध्ये केली होती. पुण्याच्या आयुका संस्थेशी या कामाचे नाते आहे. लहर सापडली तरी शास्त्रज्ञांनी लगेच डंका वाजवला नाही. केवळ खरखरीतून योगायोगाने असा संदेश उमटण्याची शक्यता २,०३,००० वर्षांत एकदाहूनही कमी आहे, एवढा हिशेब लावून मगच फेब्रुवारी २०१६ मध्ये घोषणा झाली.

उलट उदाहरणही आहे. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरील बायसेप-२ दुर्बिणीच्या गटाने विश्वाच्या आरंभीच्या गुरुत्वीय लहरींच्या खुणा सापडल्याचे जाहीर केले. पुढच्याच वर्षी प्लँक उपग्रहाच्या नोंदींसह पुन्हा हिशेब मांडला गेला. ज्या खुणा मिळाल्या होत्या त्यांचा उलगडा आपल्याच आकाशगंगेतील धुळीने होत होता. त्या गटाने स्वतः प्लँकच्या शास्त्रज्ञांबरोबर बसून हा फेरहिशेब केला आणि आपल्या नावानिशी प्रसिद्ध केला.

श्रावकाच्या अणुव्रतांचे अतिचार ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना या शिस्तीची ओळख लगेच पटेल. खोटा लेख तयार करणे, म्हणजे कूटलेखक्रिया, हा सत्याणुव्रताचा अतिचार. मापे-वजने कमीजास्त ठेवणे, म्हणजे हीनाधिकमानोन्मान, हा अचौर्याणुव्रताचा अतिचार. नको असलेली नोंद गुपचूप गाळणे हा प्रयोगशाळेतला कूटलेख होय. यंत्राचे प्रमाणीकरण न करता मोजमाप देणे हे खोट्या वजनासारखेच. तराजूचा काटा रिकामा असताना शून्यावर आहे की नाही, हे रोज सकाळी पाहणाऱ्या घरातील मूल या विद्येत अगदी नवखे नसते.

शिक्षण कोठे, खर्च किती, पुढे काय

सिंधुदुर्गातील विद्यार्थ्याला पहिले पाऊल जिल्ह्यातच टाकता येते : भौतिकशास्त्र किंवा गणित घेऊन विज्ञानाची पदवी. पदव्युत्तर शिक्षणासाठी आयआयटींमध्ये ‘जॅम’ ही प्रवेशपरीक्षा आहे. इंदूरच्या आयआयटीत खगोलशास्त्राचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. पुणे विद्यापीठात वैज्ञानिक संगणन, मॉडेलिंग आणि सिम्युलेशनचा विभाग आहे. त्याच परिसरात जयंत नारळीकर ज्या संस्थेचे संस्थापक संचालक होते ती आयुका आणि खोडदची दुर्बीण चालवणारे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आहे. एवढ्या सोयी एकाच ठिकाणी देशात क्वचितच आढळतात. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाला केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजुरी दिली, तेव्हा पुढील काळात ही विद्या जाणणाऱ्यांची गरज महाराष्ट्रातच निर्माण होणार आहे.

परदेशात इंग्लंडच्या डरहॅम विद्यापीठात याच नावाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. पाया सर्वांना समान असतो आणि त्यावर खगोलभौतिकी किंवा वित्त-तंत्रज्ञान अशा शाखांतून निवड करता येते. ताऱ्यांचा हिशेब आणि बाजाराचा हिशेब यांचे साधन एकच आहे, हे या रचनेतूनच दिसते. मात्र परदेशातील शुल्क आणि राहण्याचा खर्च मोठा असतो. कर्ज काढून जाण्यापूर्वी भारतातील पर्याय पूर्ण तपासावेत. पीएच.डी.साठी निवड झाली तर खर्चाचा प्रश्न बराच सुटतो. जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती दरमहा ३७,००० रुपये झाली आहे.

आता “पुढे काय?” या प्रश्नाचे रोखठोक उत्तर. खगोलशास्त्रातील कायम जागा थोड्या आहेत. पदव्युत्तर पदवीनंतर पीएच.डी., त्यानंतर काही वर्षे तात्पुरत्या नेमणुका आणि मग कदाचित स्थिर पद, असा हा लांब रस्ता आहे. सर्वांनाच तो पार करता येत नाही, हे मुलांना आणि पालकांना आधीच माहीत असावे. पण हे भांडवल वाया जाणारे नाही. प्रचंड नोंदींतून खरा संदेश निवडण्याचे कौशल्य बँका, विमा, औषधनिर्मिती आणि हवामानशास्त्र या सर्वांना हवे असते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने मालवण-देवगडच्या किनाऱ्याला झोडपले, तेव्हा वादळाच्या मार्गाचे अंदाज देणारी संगणकीय प्रतिमानेही याच गणितावर चालत होती. ज्या किनाऱ्यावर आंब्याचा हंगाम आणि पेठेचा माल एका वादळावर अवलंबून असतो, तेथे हे ज्ञान दूरचे कसे म्हणावे?

व्यापारी घराण्यातून या वाटेला जाणे अपूर्वही नाही. अहमदाबादच्या गिरणीमालक जैन घराण्यातील विक्रम साराभाई यांनी केंब्रिजमध्ये विश्वकिरणांवर पीएच.डी. केली आणि १९४७ मध्ये अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली. उदयपूरचे दौलतसिंह कोठारी यांनी श्वेतबटू ताऱ्यांच्या अंतरंगावर संशोधन केले. पुढे त्यांच्याच अध्यक्षतेखालील आयोगाने देशाच्या शिक्षणाची दिशा आखली. साराभाईंच्या मागे संपन्न घर होते. कणकवली-कुडाळच्या पेठेतील प्रत्येक घराला तसा आधार नसतो. दुकान कोण सांभाळणार, धाकट्याचे शिक्षण कसे होणार आणि मुलगी असेल तर लग्नाचे वय, हे प्रश्न खरे आहेत. ते टाळून दिलेली परवानगी पुढे मनस्ताप देते आणि न ऐकता दिलेला नकार घरात कायमची गाठ ठेवतो. भागीदारीच्या करारात मुदत, भांडवल आणि तोटा कोण सोसणार हे जसे आधी लिहून ठेवतात, तसे येथेही बोलून घ्यावे : किती वर्षे, किती खर्च, आणि कोणत्या टप्प्यावर थांबून दुसरी वाट धरायची.

निर्णयापूर्वी परीक्षाही घरबसल्या घेता येते. गाया उपग्रहाची सूची आणि लायगोच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या आहेत. त्यांना शुल्क नाही. त्या नोंदी वाचण्याची साधनेही विनामूल्य मिळतात. मालवणच्या खोलीत एका साध्या लॅपटॉपवर १४ सप्टेंबर २०१५ ची ती लहर शोधून काढता येते. ज्या मुलामुलीला या कामात सहा महिने रस टिकला, रात्री जागूनही उत्तर चुकले तर ते पुन्हा पहिल्यापासून मांडावेसे वाटले, आणि शेवटी आलेल्या संख्येपुढे ‘यात एवढी चूक संभवते’ असे स्वतःहून लिहावेसे वाटले, त्या मुलामुलीला पाठवण्यास हरकत नसावी. हा गुण अंगी असलेली व्यक्ती पुढे वेधशाळेत गेली काय किंवा गादीवर परतली काय, तिने लिहिलेल्या आकड्यावर चार माणसे विश्वास ठेवतील. व्यापारी घराण्याला याहून मोठी मिळकत ठाऊक नाही.